नऊ रेणू

इरावती सबनीसने ज्ञानू येडग्यांपुढे कुपी ठेवली आणि सवयीने स्वतःच्या कोपराच्या खळगीत नाक खुपसलं. नाक थकलं की ती असंच करायची. आपल्या कातडीच्या वासाने नाक पुन्हा ताजं होतं.

कोल्हापुरात आता फोटो स्टुडिओंपेक्षा गंधवाचक जास्त झाले होते. गेलेल्या माणसाचं कापड द्यायचं. यंत्र ते विरघळवून वासातल्या एकेका रेणूची यादी काढायचं. कापड उरत नसे. मग सुगंधकार प्रयोगशाळेत घडवलेले तेच रेणू मिसळून तो वास पुन्हा उभा करायचा. यादी पक्की केली की गाळलेलं सगळं कायमचं पुसलं जाई.

ज्ञानूंनी गेलेल्या बायकोचा, बायजाबाईंचा, डोईचा रुमाल दिला होता. तीनशे बारा रेणू निघाले. त्यातल्या नऊंचा उग्र वास येताच इरावतीने नाक मुरडलं आणि ते गाळून यादी पक्की केली. उंची अत्तरं घडवण्यात तिची हयात गेली होती; घाण काढायची खोड हाडीमासी खिळलेली.

म्हाताऱ्याने कुपीत बुडवलेली कागदाची पट्टी हुंगली.

"वास लई ग्वाड हाय, ताई. पर ही कुणीतरी लग्नाला निघालेली बाई हाय. आमची बायजा न्हवं."

इरावतीने पट्टी परत घेतली. "काय कमी वाटतंय, मामा?"

"ते कसं सांगू? जल्मभर शेरडामेंढरांत ऱ्हायली ती."

दुसरा रुमाल नव्हता. बाकीचं लुगडंचोळी रीतीप्रमाणे बायजाबाईंसोबतच गेलं होतं. इरावतीने शेळीच्या वासाचं आम्ल घातलं, मग धुराचा रेणू. म्हातारा मान हलवत राहिला. ते नऊ वास तिने क्षणभरच घेतले होते. आता आठवू म्हटलं तर एकही आठवेना. शेवटी हात आपोआप भाजलेल्या तंबाखूच्या कुपीकडे गेला. मिश्रीचा वास. तिच्या आत्याच्या तोंडाला यायचा तो.

पट्टी नाकाशी धरताच ज्ञानूंचे डोळे भरून आले. "हीच. हीच की ती."

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटेना.

"मामा, बायजाबाई मिश्री लावायच्या?"

म्हातारा थबकला. पुन्हा पट्टी हुंगली. "मिश्री? न्हाय बा... लावत हुती का?" मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "लावत असंल. व्हय, लावायचीच की. सकाळच्या पारी उंबऱ्यात बसून. मीच इसारलो बघा."

इरावतीची आत्या उंबऱ्यातच बसायची. पण मिश्री लावणारी कुठली बाई उंबऱ्यात बसत नाही?

ज्ञानूंनी कुपी मुंडाशाच्या शेवात बांधली, तिला हात जोडले आणि जायला उठले. इरावती जागच्या जागी उभी राहिली. आपण घाण म्हणून जे फेकलं, तेच ते माणूस होतं, हे तिला फार उशिरा कळलं होतं. आता खरं सांगावं, तर म्हातारा दुसऱ्यांदा विधुर होणार. न सांगावं, तर आजपासून त्याच्या घरात बायजा म्हणून कोण नांदणार होतं?