उभ्या गाडीचा वेग

गुलाबसिंग मेकॅनिकचा राग अख्ख्या आर्णीला ठाऊक होता. तो गाडीशी कमी आणि मालकाशी जास्त भांडे. तरी गिऱ्हाईक त्याच्याकडेच येई, कारण त्याच्या हाताला खोट नव्हती.

त्या दुपारी रामरावांची पांढरी ऑटोमॅटिक गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली, तेव्हाही तो आधी तापलाच. मागच्या सीटवर रामरावांची सून निकिता, दिवस भरलेली. संध्याकाळी यवतमाळला भरती व्हायचं होतं, सिझर ठरलं होतं. तिचा नवरा ऋतिक चार महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर गाडी आपटून गेला होता.

"बाईमाणूस असं, अन् हा डब्बा घेऊन निघालात?"

"चालता चालता मीटर शून्यावर येते," रामराव म्हणाले. "मंग गिअर अडकते."

निकिताला त्याने कडुलिंबाखाली खुर्ची दिली, गाडी स्टँडवर चढवली आणि स्कॅनर जोडला. दोष निघाला गिअरबॉक्सच्या स्पीड सेन्सरचा. बोटाएवढा पुर्जा, गाडी किती वेगात आहे ते हा सांगणार, मग गाडी गिअर बदलणार. गुलाबसिंगने वायर तपासली, मल्टिमीटर लावला, कनेक्टर पुसला. सगळं शाबूत होतं.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजिन बंद, फक्त चावी चालू, चारही चाकं अधांतरी, स्थिर. आणि स्कॅनरवर आकडा उमटला. बारा. मग तीस. मग पंचेचाळीस.

गुलाबसिंगने चाकाला हात लावून पाहिला. चाक गप्प होतं. आकडा मात्र बराच वेळ पंचेचाळीसवरच राहिला, मग हळूहळू शून्यावर आला. शून्यावर दोन मिनिटं थांबला. कुठूनसा तापलेल्या रबराचा वास येऊ लागला. मग साठ, नव्वद, एकशेचार... आणि एकदम शून्य.

त्याने सेन्सर खोलून हातात घेतला. पुर्जा नवा नव्हता. त्याच्या कडेला वाळलेलं, काळपट काहीतरी चिकटलं होतं. गुलाबसिंगच्या कपाळाची शीर तटतटली.

"रामरावजी, हा कुठून आणला?"

रामराव बाहीने गाडीची काच पुसू लागले.

"बोला ना! मी तुमाले विचारून राह्यलो!"

"ऋतिकच्या गाडीतून काढला," ते पुटपुटले. "तिचं समोरचं गेलं, पण गोठ्यात उभी आहे. ही बी तशीच घेतली, त्याच रंगाची. हिचा सेन्सर उंदरानं खाल्ला, म्हणून त्याचा लावला. म्हटलं, पोराचं काहीतरी चालू राहावं..."

"तेरवीले त्याचे कपडे दिले, खाट दिली. गाडी काहून ठेवली? मयताच्या गाडीचा पुर्जा चालत्या गाडीत कोणी घालते का? अन् त्या गाडीत पोटुशी पोरगी बसवता?"

"तुले काय समजते? हिनं फोन केला म्हणून तो पळवत आला. हिनंच घाई केली!"

तोवर निकिता खुर्चीवरून उठून आली होती. तिने स्कॅनरवरची वेळ अन् वेगाची रेघ पाहिली, संथ चाललेली, मग थांबलेली, मग वेडीपिशी वर गेलेली.

"पंचेचाळीस, मामाजी. त्या दिवशी एक दहाले माझा फोन ठेवून तो निघाला, तरी पंचेचाळीसनंच येऊन राह्यला होता. तुम्ही चार महिने मले खाल्लं! तो मधात थांबला. कायले थांबला ते विचारा..."

रामरावांनी तोंड फिरवलं. म्हाताऱ्याला एक सणसणीत ठेवून द्यावी असं गुलाबसिंगला मनापासून वाटलं.

त्याने नवा सेन्सर बसवला, जुना फडक्यात गुंडाळून रामरावांच्या हातात कोंबला आणि निकिताला आपल्या जुन्या जीपमध्ये बसवलं. "याच्या गाडीत तुले मी पाठवत नाही, बहिणी." रामराव चिडून आपल्या गाडीत बसले आणि मागोमाग निघाले.

गाव मागे पडलं. निकिताने मागे वळून पांढरी गाडी लांब असल्याची खात्री केली.

"भाऊ, कोणाले सांगू नका. सांगतलं तं मलेच येडी म्हणतात. त्याची गाडी सापडली, तवा बाजूच्या सीटचा बेल्ट लागेल होता. पोलीस म्हणत होते, तो एकटाच होता."

"मंग बेल्ट?"

"लागेल होता. ताणून. अन् सीटवर कोणीच नाही."

गुलाबसिंगने आरशात पाहिलं. पांढरी गाडी नीट अंतर ठेवून येत होती. पाहता पाहता तिचा वेग कमी झाला आणि ती कडेला थांबली. आजूबाजूला घर नाही, फाटा नाही. रामराव वाकले आणि त्यांनी आतून डाव्या बाजूचं दार उघडलं.

त्याने फोन लावला. "काहून थांबले तुम्ही?"

"अरे, ऋतिक उभा होता उन्हात," रामराव आनंदाने म्हणाले. "बसवून घेतलं त्याले."

फोनमध्ये बेल्ट लागल्याचा खट्ट आवाज आला. मागची गाडी सुरू झाली.

गुलाबसिंगने निकिताकडे पाहिलं नाही. जीपमध्ये होता नव्हता तेवढा दम काढला, तरी आरशातली गाडी मोठीच होत गेली.