चौदा मैल

द्वारका चौकाजवळच्या गल्लीत जयरामचं दुकान होतं, गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचं. काटा का अडकला हे तो हात लावायच्या आधीच सांगायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची हिरवी एमजी मोटार उभी होती. १९५२ची, दोनच सीटची, विलायती. एका मळेवाल्याकडून ती भंगाराच्या भावात आणून त्याने आणि अमोलने, त्याच्या एकुलत्या एक मुलाने, सहा वर्षं खपून चालती केली होती.

१९९८च्या मार्चमध्ये अमोल घरातून गेला तो आलाच नाही. ना भांडण, ना चिठ्ठी. निफाडच्या रस्त्याला दिसला होता, एवढंच कुणीतरी सांगितलं. जयरामने गाडीची चाकं काढून खाली विटा लावल्या. पाच वर्षं झाली आणि शेवटी त्याने जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी जाहिरात दिली.

"तो आला आणि गाडी दिसली नाही तर?" त्याच्या बायकोने, सिंधुबाईने विचारलं.

"तो येणार नाही." आपण हे इतक्या ठामपणे कसं बोललो, ते जयरामचं त्यालाच कळलं नाही.

रविवारी जाहिरात वाचून पुण्याहून आगाशे गाडी बघायला आले. बॉनेटवरून हात फिरवताना अगदी हरखले होते. मग मीटरपाशी थांबले.

"जाहिरातीत एकतीस हजार दोनशे दहा मैल लिहिलेत. इथे तर तीनशे चौसष्ट दिसतायत."

"लिहिताना चुकलं असेल," जयराम म्हणाला. पण आकड्यात तो कधी चुकत नसे. तो आकडा त्याने अकरा दिवसांपूर्वी स्वतः वाचून लिहिला होता.

सोमवारी संध्याकाळी आकडा तीनशे अठ्ठ्याहत्तर. मंगळवारी ब्याण्णव. रोज बरोबर चौदा मैल. गाडीला चाकं नव्हती, बॅटरी नव्हती. त्याने मीटरमागची केबलही सोडवून ठेवली. बुधवारी पुन्हा चौदा वाढले.

गुरुवारी दुपारी तो स्वतः स्टिअरिंगमागे जाऊन बसला. पत्रा तापला होता. दोनच्या सुमाराला शेवटचा आकडा हलला. वेगाचा काटा शून्यावर, कसला आवाज नाही, आणि आकडे सावकाश फिरत होते. सात मैल झाले आणि थांबले. डावीकडच्या सीटचं चामडं करकरलं, कुणी उठावं तसं. जयरामने मान वळवली नाही. दहा मिनिटांनी आकडे पुन्हा फिरू लागले. आणखी सात.

शुक्रवारी सकाळी तो स्कूटर घेऊन निफाडच्या रस्त्याला लागला. सात मैल म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. तेवढं अंतर भरलं तिथे द्राक्षांच्या बागेतून एक कच्ची वाट गेली होती. वाटेच्या टोकाला बिनकठड्याची जुनी विहीर, भोवती काळा चिखल. बांधावर एक बाई गवत कापत होती.

"आज स्कूटर, दादा? हिरवी गाडी नाय आनली?"

"कुठली गाडी?"

"आता! रोज दुपारी येता की. म्या हितंच असते."

"गाडीत पोरगा असतो? उंच, चष्मा लावलेला?"

"असतो ना. लय हसतमुख."

"गाडी कोण चालवतं?"

बाई हसली. "कोन म्हंजे? तुमीच की."

मग तिचा विळा थांबला.

"येक इचारू? येताना दोघं असता. जाताना तुमी येकलेच. पोरगं कुटं जातं?"

पाच वर्षं जयरामने सगळा जिल्हा पालथा घातला होता. विहीर दहा पावलांवर होती. तेवढं चालणं त्याला जमलं नाही. तो मागे फिरला.

शनिवारी आगाशे टेम्पो घेऊन आले आणि गाडी गेली. सिंधुबाई रिकाम्या शेडच्या दारात कितीतरी वेळ उभी होती.

त्या दुपारी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसल्या बसल्या जयरामचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा सव्वातीन वाजले होते. सिंधुबाई चहाचा कप घेऊन समोर उभी होती आणि खाली फरशीकडे बघत होती. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं.

"आधी पाय धुऊन या," ती हळूच म्हणाली. "केवढा चिखल आणलात."