झरोक्याखालचं घर

दुपारी बाराच्या सुमाराला चौथ्या ओळीत कढीपत्त्याच्या फोडणीचा वास सुटला की कस्तुरा मोहितेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अकरा वर्षं रोज, एक दिवस खाडा नाही. वास आला की ती आपल्या खोलीचं दार धाडकन लावायची आणि मिनिटाभरानं तेच दार बोटभर उघडून नाक बाहेर काढायची.

फोडणी असायची शेजारच्या निर्मळा शेलारची. साडेसहाशे माणसांच्या त्या वस्तीत कढीपत्त्याची फक्त दहा झुडपं होती, खोल्यांच्या एकेका ओळीत एक. चौथ्या ओळीचं झुडूप निर्मळाच्या घरात, झरोक्याखाली होतं.

ही वस्ती सह्याद्रीच्या पोटात होती. डोंगराच्या पाठीवर माणसाला उभं राहता येईनासं होऊन तेरा वर्षं झाली होती. बाहेर नुसती उष्णता असती तर माणसानं सोसलीही असती, पण हवा इतकी दमट झाली होती की आलेला घाम वाळतच नसे. घाम वाळला नाही की शरीर आपल्याच उष्णतेनं आतल्या आत शिजतं. तेव्हा वाचलेली माणसं वीजनिर्मितीच्या जुन्या बोगद्यांत शिरली. तिथं पाणी होतं, पाण्यावर वीज होती, विजेच्या दिव्यांखाली मूग आणि शेवाळ उगवत होतं. प्रत्येकाला सारखी खोली, सारखं जेवण, सारखा कपडा. न्याय म्हणावा तर असा न्याय वर असताना कुणी कधी पाहिला नव्हता.

आणि तरीही माणसं मरत होती. धडधाकट माणूस एक दिवस भिंतीकडे तोंड करून बसायचा. ताप नाही, खोकला नाही. हाक मारली तर ओ द्यायचा, पण वळायचा नाही. ताट तसंच राहायचं आणि आठ-नऊ दिवसांत सगळं संपायचं. वस्तीत याला ‘विझणं’ म्हणत. पहिल्या दोन वर्षांत अडीचशे माणसं विझली. कस्तुराचा नवराही त्यातच गेला. ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडत होती आणि तो शांतपणे “हं, हं” म्हणत भिंतीकडे बघत होता. त्याबद्दल तिनं त्याला अजून माफ केलं नव्हतं.

वस्तीच्या डॉक्टर कुमुद आठल्ये यांनी विझणाऱ्यांचं रक्त तपासलं तेव्हा त्यात एक द्रव्य जवळजवळ नाहीसं झालेलं आढळलं. मेंदूत ते तयार होतं तेव्हाच माणसाला उद्याचं काहीतरी हवंसं वाटतं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘ओढक’. आशा, उमेद, जिद्द वगैरे मोठमोठे शब्द आपण वापरतो. डॉक्टरांच्या मते त्या सगळ्यांच्या मुळाशी हेच थेंबभर द्रव्य होतं. दर पंधरवड्याला प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून ओढक मोजलं जाई. वीसच्या खाली आकडा गेला की माणूस भिंतीकडे वळतो, हे ठरलेलं. कस्तुराचा आकडा चौऱ्याहत्तर होता.

“डाक्टरीणबाई, आकडा ऱ्हाऊ द्या तिकडं,” बोट चोखत कस्तुरा दर वेळी म्हणायची. “त्या निर्मळीला झरोका कसा काय मिळाला, ते सांगा.”

“चिठ्ठ्या टाकल्या होत्या, कस्तुराबाई.”

“चिठ्ठ्या! मला काय दूधखुळी समजलाय?”

अकरा वर्षांपूर्वी प्रत्येक ओळीतल्या एका खोलीवर डोंगर पोखरून झरोका काढला होता. आरशांवरून उड्या घेत ऊन खाली यायचं आणि पाणी भरलेल्या काचेतून निवून खोलीत पडायचं. घोंगडीएवढं ऊन, पण ते खरं होतं. त्यात कढीपत्त्याचं एकेक रोप लावलेलं. चौथ्या ओळीची चिठ्ठी निर्मळाच्या नावाची निघाली. पहिल्याच आठवड्यात तिनं कस्तुराकडे वाटीभर आमटी पाठवली. आमटीत कढीपत्त्याची दोन पानं तरंगत होती.

शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते. जग बुडालं तरी ही रीत बुडाली नव्हती. पण परत द्यायचं काय? दोघींच्या घरात शिधा सारखाच, आणि निर्मळाकडे नसलेलं असं कस्तुराकडे काहीच नव्हतं. मला खिजवायलाच पाठवली हिनं, असं म्हणून कस्तुरानं वाटी फळीवर ठेवून दिली. निर्मळानं पुन्हा कधी काही पाठवलं नाही, मागूनही कुणाला पान दिलं नाही. ओळीतल्या बायांनी तिचं नाव ‘मारवाडीण’ न ठेवता ‘कुलूप’ ठेवलं होतं, एवढीच तिच्यावर मेहेरबानी. कस्तुरा तिला पाण्यात पाहायची. कस्तुराची पोर रेवा आठ वर्षांची होती ती एकोणीस वर्षांची झाली, आणि आईच्या दुधाबरोबर नसला तरी आईच्या बडबडीबरोबर हा जळफळाट तिच्याही अंगात पुरता भिनला.

मग एका सोमवारी वास आला नाही.

मंगळवारीही नाही. बुधवारी कस्तुराला काही सुचेना. दार लावायला कारण नाही, उघडायला कारण नाही. शेवटी तिनं फळीवरची वाटी काढली, घासली, शिध्यात महिन्याला मिळणारा गुळाचा खडा तिच्यात टाकला आणि शेजारच्या घराची कडी वाजवली. तिला निर्मळाची हालत बघायची होती, आणि खरं सांगायचं तर उन्हाचा तो तुकडाही जवळून बघायचा होता.

ऊन होतं. झुडूप छातीएवढं वाढलेलं, पानं तुकतुकीत. त्याच्या शेजारी निर्मळा बसली होती, हाडांचा सापळा होऊन. पण तोंड दाराकडे होतं.

“आक्का, तुमची वाटी,” कस्तुरा म्हणाली. आवाजात ठसका आणायचा होता तो आलाच नाही.

निर्मळानं वाटी दोन्ही हातांनी घेतली. गुळाचा खडा बघितला. ती हसली, आणि मग रडली.

“आणलीस व्हय गं बाई. अकरा वर्सं वाट बघितली. रोज वाटायचं, आज तरी कस्तुरा यील वाटी घिऊन.”

“मग मागायची की.”

“मागितल्यावर काय गंमत?” तिनं गूळ तोंडात टाकला आणि डोळे मिटले. “बरं झालं. आता काय बी ऱ्हायलं न्हाई.”

कस्तुरा हलक्या मनानं घरी आली. अकरा वर्षांचं ओझं उतरलं, पुण्य लागलं, असं ती रेवाला दोनदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी निर्मळा भिंतीकडे तोंड करून बसली. नवव्या दिवशी ती विझली.

अंत्यविधी आटोपल्यावर डॉक्टर आठल्ये यांनी कस्तुराला दवाखान्यात बोलावलं आणि दाराला आतून कडी घातली.

“तुम्ही तिची वाटी परत केलीत?”

“केली. का? वाटी परत करणं बी गुन्हा झाला का आता?”

“गुन्हा नाही. पण तिच्याकडे तेवढंच हवंसं वाटण्यासारखं उरलं होतं. तुम्ही ते भरून परत केलंत.”

कस्तुराला काही समजलं नाही. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. साठीची ही बाई, कधी आवाज न चढवणारी, आज मात्र भराभर बोलू लागली.

“पहिली दोन वर्षं आठवतात? सगळं सारखं होतं आणि माणसं पटापट विझत होती. फक्त सातव्या ओळीत कुणी विझलं नाही. कारण शोधायला मी तिथं महिनाभर राहिले. त्या ओळीत एका म्हातारीनं वरून येताना चोरून कोंबडी आणली होती.”

“कोंबडी?”

“एकच कोंबडी. दोन दिवसांनी एक अंडं द्यायची. आख्खी ओळ त्या अंड्यावरून भांडायची. तक्रारी, शिव्या, अबोले. आणि प्रत्येकाचं ओढक साठच्या वर! आपण समजत होतो की मिळालं की माणूस जगतो. मेंदू तसा चालत नाही. मिळालेल्या गोष्टीवर तो चार दिवस खूष असतो, मग ओढक बंद. ते तयार होतं हवी असलेली गोष्ट हाताच्या अंतरावर, दुसऱ्याच्या हातात दिसते तेव्हा. दूरच्या राजाचा कुणी हेवा करत नाही, कस्तुराबाई. शेजारणीचा करतो.”

“म्हंजे झरोके...”

“आम्ही मुद्दाम काढले. ओळीला एक. म्हणून गेल्या अकरा वर्षांत वस्तीत फक्त चौदा माणसं विझली.”

कस्तुरा अडाणी होती, मूर्ख नव्हती. ती बोटांवर मोजत राहिली. दुसऱ्या ओळीतले शिंदे, सहाव्या ओळीतली तानूबाई, नवव्या ओळीतली ती दोघं भावंडं, एकामागून एक...

“चौदाच्या चौदा झरोक्याखालची,” ती हळूच म्हणाली.

“हो. त्यांना हेवा करायला कुणी उरत नाही.”

“आन् त्या चिठ्ठ्या?”

“सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव असतं. ओळीत ज्याचं ओढक सर्वांत जास्त, त्याचं. तोच जास्त दिवस टिकतो. बहुतेक जण पाच-सात वर्षं. निर्मळाबाईंना सगळं माहीत होतं. पान कुणाला द्यायचं नाही, ही अट त्यांनी पाळली, कारण वाटून खाल्लं की हेवा संपतो. वाटीची युक्ती मात्र त्यांची स्वतःची होती.”

ज्या बाईला अकरा वर्षं शिव्या घातल्या, ती कुलूप लावून बसली होती कस्तुराच्या आणि ओळीच्या जिवासाठी.

“आता चौथ्या ओळीत सर्वांत वरचा आकडा तुमचा आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“मला नगं ते घर.”

“तुम्ही नाही म्हणू शकता. मग दुसऱ्या नंबरचा माणूस. एकाहत्तर.”

“कोण?”

डॉक्टरांनी नजर खाली वळवली तेव्हा कस्तुराला कळलं. बडबड करकरून पोरीच्या अंगात जे भिनवलं होतं, त्याचं फळ समोर येऊन उभं होतं.

“तिला सगळं सांगून टाकते. सगळ्यांनाच सांगते.”

“सांगा. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी हेव्याच्या जागी कीव येईल. कीव आली की ओढक बनत नाही. मी मोजून पाहिलंय. बाहेरची हवा माणसाजोगी व्हायला अजून साठ वर्षं आहेत. तोवर या डोंगरात कुणीतरी जिवंत राहिलं पाहिजे.”

कस्तुरा उठून दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून वळली.

“बाई, तुमी कुणावर जळता?” कस्तुरानं विचारलं.

“तुमच्यावर,” डॉक्टर लगेच म्हणाल्या. “चौऱ्याहत्तर! आयुष्यात मला काहीही इतकं हवंसं वाटलेलं नाही. दर पंधरवड्याला तुमचा आकडा बघते आणि घरी जाऊन जेवते.”

दोन दिवसांनी ओळीसमोर चिठ्ठी निघाली आणि कस्तुरा मोहिते झरोक्याखालच्या घरात राहायला गेली. झरोक्याखाली एकटीनंच राहायचं, असा नियम होता; रेवा शेजारच्या जुन्या खोलीतच राहिली. रेवा खुषीत होती. आईला मिळालं म्हणजे आपल्यालाही मिळालं, असा तिचा साधा हिशेब. पहिला आठवडा कस्तुराही उन्हात लोळली. तळहात उन्हात धरले, पाठ शेकली, झुडपाला नाक लावून बसली. इतकं सुख तिला सोसवेना. पंधरवड्यानं आकडा पासष्ट निघाला, आणि हेवा संपलेल्या रेवाचाही खाली आला.

त्या दिवशी तिनं आमटी केली, निर्मळाच्याच वाटीत ओतली आणि दोन पानं घालून रेवाकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी रेवा भांडं घेऊनच दारात आली. “आई, धा-बारा पानं दे. मैत्रिणींना बोलावलंय.”

“न्हाई मिळायची.”

“अगं, एवढं झाड हाय!”

“झाड माझं हाय.”

रेवाला ती थट्टा वाटली. ती आत येऊ लागली तशी कस्तुरानं दारात आडवा हात घातला. उन्हाचा तुकडा तिच्या पाठीमागे जमिनीवर पडला होता आणि पोरीची नजर त्याच्यावर होती.

“उनात तरी बसू दे घटकाभर.”

“तुझ्या खोलीत जा.”

पोरीचं तोंड उतरलेलं बघून कस्तुराला हात खाली घ्यावासा वाटला. तिला जवळ ओढून उन्हात बसवावं, केस विंचरून द्यावेत, असं फार फार वाटलं. तिनं हात घेतला नाही. तीन महिने ती हेच करत राहिली. रेवा आधी रडली, मग भांडली, मग ओळीतल्या बायांत बसून आईला नावं ठेवू लागली. बारा वाजता शेजारचं दार धाडकन लागायचं आणि थोड्या वेळानं बोटभर उघडायचं. रेवाचा आकडा शहाऐंशी झाला, असं डॉक्टर सांगून गेल्या. शहाऐंशी वस्तीत कुणाचाच नव्हता. पुढची चिठ्ठी कुणाच्या नावाची, हे त्यामुळे पक्कं झालं होतं. म्हणजे आता आपण मरायचं नाही, एवढंच कस्तुराच्या हातात राहिलं होतं.

पण तिचा आकडा एकोणपन्नासवर आला होता. आणि तिला पोरीचा हेवा वाटू लागला होता; त्या आदळआपटीचा, सकाळी उठल्या उठल्या मिळणाऱ्या त्या रागाचा. तेवढ्यावरच ती टिकून होती बहुधा.

एका दुपारी रेवा दाराशी आली. ती भांडं घेऊन आली नव्हती. कमरेवर हात ठेवून उभी राहिली, अगदी कस्तुरा निर्मळाच्या दारासमोर उभी राहायची तशी.

“माझी वाटी हाय तुझ्याकडं,” कस्तुरा म्हणाली. “तीन महिने झाले.”

“हाय की.”

“परत करायची रीत असतीया.”

“करीन ना.” रेवाचे डोळे चमकत होते, गाल लाल झाले होते. इतकी जिवंत पोर कस्तुरानं कधी पाहिली नव्हती. “तुझ्या तेराव्याला करीन. काठोकाठ भरून. तवा हे घर माझंच असंल, आई. मी रोज त्याच दिवसाची वाट बघते.”

ती गेली. शेजारचं दार लागल्याचा आवाज झाला. कस्तुरा भिंत धरून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, तेल तापत ठेवलं, आणि वास नीट जावा म्हणून आपलं दार थोडं उघडं केलं.