पुढचं पडद्यावर

"मॅडम, ही पायरी अतिक्रमणात येत न्हाई. आजोबाच्या टायमाची हाय. पाहिजे तर कागद दाखवतो."

शरयूनं मोबाइल खाली घेतला. परतूरच्या जुन्या टॉकीजचा फोटो काढता काढता तिच्या फोटोत एक माणूस येऊन उभा राहिला होता. तिशी ओलांडलेला, बाह्यांवर सरकी पेंडीचा भुसा आणि चेहऱ्यावर नगरपरिषदेशी भांडायची पूर्ण तयारी.

"मी नगरपरिषदेची नाही," ती म्हणाली.

"मंग पायरीचा फोटो कशाला काढून राह्यल्या?"

"पायरीचा नाही हो... टॉकीजचा."

त्यानं मागं वळून इमारतीकडे पाहिलं. जिथं एके काळी तिकिटं मिळत, त्या खिडकीतून आता पेंडीच्या पावत्या मिळत होत्या. आत पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती.

"टॉकीज बंद होऊन वीस वर्षं झाली, मॅडम. तुम्हाला उशीर झाला."

उशीर तर शरयूला सगळ्याच बाबतीत झाला होता. वय तेहतीस. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत ती दिवसभर फोन घ्यायची. बी उगवलं नाही, पिशवी फाटकी निघाली, साहेब कुठं आहेत... सगळ्यांना एकाच गोड आवाजात उत्तरं देऊन संध्याकाळपर्यंत तो आवाज संपून जायचा. घरी वडील होते, श्रीपतराव, पोस्टातून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि तेव्हापासून ते एकेक शब्द शोधून बोलत. पाहायला येणारी स्थळं आधी चौकशी करून येत, मग चौकशीत वडिलांचं कळलं की येईनाशी झाली. शरयूला त्याचं दुःख होण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

तिच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. एक साइट. 'पुढचं पडद्यावर' असं तिचं नाव.

पूर्वी टॉकीजच्या दारात सिनेमाची चोपडी मिळायची. चार-सहा पानं, गाणी, नटनट्यांची नावं आणि कथा. कथा अर्धीच. नायिका नेमकी संकटात सापडली की चोपडी थांबायची आणि म्हणायची, पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा. श्रीपतरावांनी नोकरीच्या गावोगावी अशा तीनशे चोपड्या जमवल्या होत्या. शरयूनं त्या एकेक करून साइटवर चढवल्या. नागपूरपासून नैरोबीपर्यंतचे जुन्या सिनेमाचे वेडे लोक त्या वाचत, चुका सांगत, हळहळत. कारण त्यातल्या एक्केचाळीस सिनेमांची रिळं आता कुठंच नव्हती. जळाली, विरघळली, भंगारात गेली. त्यांची अर्धी कथा होती, शेवट नव्हता. साइटवर 'शेवट' नावाचा रकाना होता आणि तिथं शरयूनं लिहिलं होतं : माहीत नाही. ज्यानं स्वतः पाहिला त्याचं नाव आणि गाव असल्याशिवाय तिथं एक अक्षर जायचं नाही, हा तिचा नियम होता.

हे सगळं तिनं त्या माणसाला थोडक्यात सांगितलं. त्याचं नाव पारस. टॉकीज काढली ती त्याचे आजोबा रामनिवास यांनी. त्यानं घाईनं आतून खुर्ची आणली, पुसली, पुढं सरकवली. शरयूनं खुर्चीवर आपली जड बॅग ठेवली आणि स्वतः उभीच राहिली.

"स्कॅनर आहे त्यात," ती म्हणाली.

"बरं... बसू द्या त्याला," पारस म्हणाला. "तुम्ही आमच्या दादीला का विचारत न्हाई? तिनं सगळे सिनेमे पाहिलेत. म्हणजे... शेवट पाहिलेत."

"शेवट म्हणजे?"

"चला ना. तिच्याच तोंडून ऐका."

टॉकीजला लागूनच घर होतं. खिडकीपाशी खाटेवर सायरबाई बसल्या होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"घरात चौदा माणसं, बेटी," त्या म्हणाल्या. "सासऱ्याचं जेवण, दिरांचं जेवण, भांडी, चूल. सगळं आवरून मागच्या जिन्यानं मशीनच्या खोलीत जायची मी. तिथल्या भोकातून बघायची. तवर सिनेमा संपायला आलेला. अर्धा घंटा भेटायचा, बस. सुरुवात मी एकाही सिनेमाची पाहिली न्हाई."

तिच्याकडे एक्केचाळीस सुरुवाती होत्या आणि ह्या म्हातारीकडे नुसते शेवट.

तिथून पुढं प्रत्येक रविवारी ती सकाळच्या गाडीनं परतूरला येऊ लागली. सायरबाई शेवट सांगत, शरयू चोपड्यांत त्याची सुरुवात शोधे.

"एक बाई तांगा सोडून देती, घोड्याच्या गळ्यात पडून रडती, अन् मंग..."

"तांगेवाली! चोपडीत तिचा बाप तांगा गहाण ठेवतो. मग काय होतं, दादी?"

"मरती."

"अशी कशी मरते?"

"बेटी, तवा सगळ्याच मरायच्या. न्हाई मेली तर आंधळी व्हायची."

पारस दाराला टेकून हसत असायचा. मे महिना आला तोवर एकोणीस सिनेमांना शेवट मिळाले होते, आणि प्रत्येकासमोर लिहिलं होतं : पाहणाऱ्या, सायरबाई, परतूर.

"शेठ, रविवारी दुकान बंद?" शरयू एकदा म्हणाली.

"तुम्ही यायला लागल्यापासून बंद असतं. आणि शेठ म्हणू नका ना... म्हातारं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"नाव हाय की मला. घरच्यांनी हौसेनं ठेवलंय."

"सवय नाही."

"सवय काय, लागती..." तो म्हणाला आणि उगाच पोत्याची सुतळी आवळू लागला. त्याच्याही घरचे मुली पाहून दमले होते. मुलींना पुणं हवं होतं, पेंडीचा वास असलेलं परतूर नको होतं. शरयूला मात्र तो वास आवडू लागला होता. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून ती झोपायची तेव्हा तो तिच्या ओढणीला येत असायचा... आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागायची.

मेच्या शेवटी श्रीपतरावांचा रक्तदाब वाढल्याचं निमित्त झालं. त्यातच पेरणीचे दिवस आले. कंपनीत फोनवर फोन, रविवारसुद्धा गेला. "तुम्ही येऊ नका," पारसनं कळवलं, "मी दादीला विचारून पाठवत जातो."

आणि तो पाठवू लागला. जूनमध्ये एक, जुलैत दोन, ऑगस्टमध्ये एक. शरयू जेवण विसरायची, पण त्याचा मेसेज दोनदा वाचायची. मग डोळ्यांवरची झापड सारून तो शेवट साइटवर चढवायची.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी ती वडिलांना वाचून दाखवत होती. "नर्स औषधांचा ट्रे खाली ठेवते. बाकावर बसते. डॉक्टर स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन येतो. दोघं काही बोलत नाहीत. समाप्त."

श्रीपतरावांनी बराच वेळ शब्द शोधला.

"ही... पण... बसली?"

"म्हणजे?"

"ती शिवणवाली... पण... बसली."

शरयूनं साइट उघडली. शिवणवाली मशीन बंद करून ओट्यावर बसते, शेजारी चहा आणून देतो. मास्तरीण शाळेच्या पायरीवर बसते, हेडमास्तर चहा आणतो. आणि राजकन्या! राजकन्या सिंहासनाच्या पायरीवर बसते आणि सेनापती तिला चहा देतो. तलवारींच्या जमान्यात, चहा! आणि हे तिनं स्वतःच्या हातानं टाईप केलं होतं, सायरबाईंचं नाव लिहून, आणि तिला काही खटकलं नव्हतं. इतकी ती थकलेली होती.

वडील खांदे हलवून हसत होते. शरयूला मात्र हसू येईना. तिनं चारही शेवट पुसले आणि चारही ठिकाणी लिहिलं : माहीत नाही. पारसला तिनं फोन केला नाही. रविवारी सकाळची गाडी पकडली.

परतूरला भुरभुर लागली होती. पारस पायरीवर उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा आधी फुलला आणि मग तिचा चेहरा पाहून उतरला.

"कळलं का तुम्हाला?" तो म्हणाला.

"दादी कुठंयत?"

"आत हाय. मे महिन्यापासून तिला काहीच आठवत न्हाई. मला आजोबाच्या नावानं हाक मारती. सिनेमाचं विचारलं की म्हणती, कुठला सिनेमा?"

"मग मला सांगायचं होतं."

"सांगणारच होतो..." त्यानं मान खाली घातली. "पण दादीचे शेवट संपले म्हणजे तुमचं परतूरचं काम संपलं. मंग तुम्ही कशाला याल? कशाला मेसेज कराल?"

"म्हणून खोटं? माझ्या साइटवर? दादींच्या नावानं?" तिचा आवाज फाटला. "दिवसभर मी फोनवर लोकांना सांगते, चौकशी करतो, साहेबांना कळवतो. अर्धं खोटं असतं ते. संध्याकाळी तेवढी एक जागा खरी असायची, पारसजी. जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहिलेली. तेवढीच होती माझी... ती पण तुम्ही..."

आणि ती रडायला लागली. रागानं थोडी, थकव्यानं जास्त. पारस हललासुद्धा नाही. त्यानं सफाई दिली नाही, रडू नका म्हणाला नाही.

"चुकलं माझं," शेवटी तो म्हणाला. "बिलकुल चुकलं. काढून टाका सगळे."

"टाकले."

"चारी?"

"चारी."

"बराबर केलं."

पावसाचा बारीक आवाज पत्र्यावर येत राहिला. शरयूनं ओढणीनं डोळे पुसले.

"पण चहा?" ती म्हणाली. "राजकन्येला?"

"तवा... चहा नव्हता का?"

तिला न राहवून हसू फुटलं. तोही ओशाळून हसला.

"आणि सगळ्या जणी बसतात, हे कुठून काढलंत?"

पारसनं आतून ती खुर्ची आणली आणि तिच्यासमोर ठेवली. सवयीनं शरयूनं खुर्चीवर बॅग ठेवली.

"हे बघा," तो हळूच म्हणाला. "फेब्रुवारीपासून ही खुर्ची तुमच्यासाठी काढतो मी. तिच्यावर तुमची बॅग बसती. तुम्ही उभ्या. दादीपाशी उभ्या, स्टेशनावर उभ्या. पहिल्या दिवशी आल्त्या तवापासून वाटतं, ह्या बाईला कुणीतरी एकदा बसवावं... तोंडानं बोलता येईना, म्हणून हिरॉईनला बसवलं."

शरयू त्याच्याकडे पाहत राहिली. तेहतीस वर्षांत तिच्याबद्दल कुणी इतकं बारकाईनं काही पाहिलं नव्हतं.

"मला तुम्ही पाहिजे, शरयू," पारस म्हणाला. "घरचे बोलतील, बोलू द्या. तुमच्या बाबांना इकडं आणू, न्हाई तर मी जालन्याला राहून येऊन-जाऊन दुकान करीन. गाडी हायच की."

"मी आज उत्तर देणार नाही. फार थकलेय मी."

"मंग बसा तरी."

तिनं बॅगेकडे पाहिलं. मग ती उचलून पायरीवर ठेवली आणि खुर्चीत बसली. पाठ टेकली तशी तिला कळलं, आपली पाठ किती दुखत होती ते.

"एक अट आहे," ती म्हणाली. "मला खरं तेच सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं."

"कबूल."

"मग सांगा. आपलं पुढं काय होणार?"

"माहीत न्हाई," पारस लगेच म्हणाला.

शरयू हसली. असं मनापासून ती कधी हसली होती ते तिला आठवत नव्हतं. "चहा आण जा," ती म्हणाली, "...पारस."

तो आत पळाला. तो चहा घेऊन आला तेव्हा बशीत निम्मा सांडला होता. शरयूनं कप घेतला. दोघं काही बोलले नाहीत.

शेजारच्या घराच्या खिडकीचं दार करकरलं. सायरबाईंनी पदर सारला आणि गज धरून दोघांकडे डोळे बारीक करून पाहिलं. खुर्चीत बसलेली बाई, समोर उभा असलेला माणूस, हातात चहा.

"रामनिवासजी, सिनेमा चालू झाला का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच झाला, दादी," शरयू म्हणाली.

म्हातारीच्या चेहऱ्यावर आनंद मावेना.

"आज बराबर टायमावर आले मी," त्या म्हणाल्या, आणि नीट बघता यावं म्हणून खिडकीजवळ सरकून बसल्या.