सुनंदातला ‘स’

पार्ल्यातली ती इमारत पाडायला काढली होती. बाकीची बिऱ्हाडं कधीच हलली होती. तळमजल्यावर सुनंदा तेवढी उरली होती, आणि तिचा नवरा श्यामसुंदर याचे दोन जुने लाकडी स्पीकर, कमरेएवढे उंच. धाकटा दीर देवव्रत ते विकून टाकायला टेम्पो घेऊन येणार होता. भाड्याच्या खोलीत ही धुडं मावणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. सुनंदाने वाद घातला नाही. त्याआधी एकदा मला माझं नाव नीट ऐकायचंय, एवढंच ती म्हणाली.

श्यामसुंदर गेल्यावर त्याचा आवाज एकाच कॅसेटवर उरला होता. नवीन माइक कसा चालतो ते बघताना त्याने बाहेरच्या खोलीतून तिला दोन हाका मारल्या होत्या. तिसरी मारायची वेळच आली नाही. कणकेचे हात घेऊन ती बाहेर आली होती. माइक एकच, तोही उजव्या बाजूला जोडलेला, म्हणून तो आवाज फक्त उजव्या स्पीकरमधून यायचा. आणि उजव्याचा ट्विटर, म्हणजे बारीक सूर काढणारं वरचं लहान तोंड, मुका झाला होता. ‘स’ त्याच तोंडातून येतो. त्यामुळे कॅसेटवरची श्यामसुंदरची हाक ऐकू यायची ती “उनंदा…” अशी.

देवव्रत आला तेव्हा तिने स्क्रू काढून पसारा मांडला होता. वहिनी आता दुकान टाका, असं म्हणून तो हसला. तिने लक्ष दिलं नाही. नवऱ्याच्या शेजारी बसून तिने हे किती वेळा पाहिलं होतं. पेन्सिल सेलच्या तारा ट्विटरला टेकवायच्या. चांगला असेल तर खुट्ट करतो. डाव्याने केलं. उजवा गप्प. मग तिने डाव्याचा चांगला ट्विटर उजव्या खोक्यात बसवला आणि मेलेला वर्तमानपत्रावर ठेवून दिला. त्याला एकही तार नव्हती.

आधी भजनाची कॅसेट लावली. झांजा लख्ख वाजल्या. देवव्रतनेसुद्धा मान डोलावली. मग तिने ती दुसरी कॅसेट घातली.

“…उनंदा…”

देवव्रत म्हणाला, टेपच झिजली असेल. सुनंदाने ती पुन्हा मागे घेतली. बाहेर दिवेलागण झाली होती. रिकाम्या खोल्यांमधून ओल्या चुन्याचा वास येत होता. ती खोक्याजवळ वाकून बसली, कान देऊन.

“स्…”

तो आवाज खोक्यातून आला नव्हता. वर्तमानपत्रावरून आला होता. आणि त्याच्या मागोमाग खोक्यातून, “…उनंदा…”

पुन्हा तसंच. अर्धं इथून, अर्धं तिथून.

देवव्रतने धावत जाऊन प्लग उपटला. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. एरवी आईच्या असल्या गोष्टींना हसणारा तो माणूस आता कुजबुजत होता.

“वहिनी, ओ देऊ नका. आई सांगायची ना… तिन्हीसांजेला हाक आली तर तीन झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. गेलेली माणसं तिसरी मारत नाहीत…”

सुनंदाने हात पदराला पुसले आणि वर्तमानपत्रासमोर ताठ बसली.

“अहो, असं अर्धं-अर्धं मला चालायचं नाही,” ती म्हणाली. “मारायची तर सबंध हाक मारा. तिसरीसुद्धा. मी इथेच बसलेय.”

मग राळेचा वास आला, श्यामसुंदर तारांना सोल्डरचा डाग द्यायचा तेव्हा घरभर पसरायचा तसा.

“सुनंदा.”

सबंध. स्वच्छ. एका तोंडातून आल्यासारखी.

“ओ,” ती म्हणाली. स्वयंपाकघरातून द्यायची तशी, मोठ्याने.

मग सगळं शांत झालं. तिने डोळे पुसले. आता न्या, म्हणाली. देवव्रतने घाईघाईने कॅसेट काढून खिशात टाकली, टेम्पोवाला खोळंबलाय असं काहीतरी पुटपुटला आणि उजव्या खोक्याला हात घातला.

“देवा…”

त्याला देवा म्हणणारा एकच माणूस होता, त्याचा थोरला भाऊ. त्या नावात ‘स’ नव्हता. त्याला ट्विटर लागत नव्हता.

लहानपणच्या सवयीने देवव्रतचं तोंड उघडलं. सुनंदाने पटकन त्यावर तळवा ठेवला.

“थांबा भावजी,” ती म्हणाली. “ही पहिली आहे.”