पुराच्या दिवसाची नोंदवही

"बारा वाजता पळून गेलेली बाई तीन वाजता फोन कसा करेल?" प्रोफेसरने चष्मा वर सरकवत विचारलं.

सुट्टीचा तिसरा दिवस होता. आजोबांच्या पेटीतलं एक जुनं पत्र पसरून तिघं भावंडं जमिनीवर पालथी पडली होती. ताई, तिच्याहून लहान पण सतत पुस्तकात डोकं खुपसणारा प्रोफेसर आणि शेंडेफळ चिंगी. पत्र होतं पणजीच्या, म्हणजे आजोबांच्या आईच्या बडतर्फीचं. ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून द्यायची. 'महापुराच्या दिवशी दुपारी बारा वाजता काम टाकून निघून गेल्याबद्दल' तिला काढून टाकलं होतं.

"पण गिरणीवाल्या आजी सांगतात, तीन वाजता गिरणीत पणजीचाच फोन आला होता. त्यांनी आवाज ओळखला!" चिंगी म्हणाली.

"म्हणजे दोघांपैकी एक खोटं!" ताई उठलीच. "चला एक्स्चेंजमध्ये!"

"जुनं उकरून काढू नका रे," आजोबा खुर्चीतून म्हणाले. पण तोवर सायकली फाटकाबाहेर पडल्या होत्या.

एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत जुनी कागदपत्रं ठेवलेली होती. ती सांभाळणारे कारकून काका शब्दकोडं सोडवत होते.

"त्या वर्षीची नोंदवही? पुरात वाहून गेली," मान वर न करता ते म्हणाले.

"पण तुम्ही शोधलीसुद्धा नाहीत!"

"तीस वर्षं इथे बसतोय मी! पळा!"

चिंगी दाराशी थबकली. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाचा एक पाय मोडला होता. त्याच्या जागी एक जाडजूड वही सरकवलेली होती. पुठ्ठ्यावर वाळलेल्या चिखलाचे डाग आणि नेमकं तेच साल!

अंगणात कुजबुज झाली. दोन विटा मिळाल्या. मग तिघं परत आत शिरली आणि ताईने कपाटाला हळूच खांदा लावला. कपाट करकरलं.

"काका, कपाट कलतंय! धरा, धरा!" चिंगी किंचाळली.

काकांनी पेन्सिल टाकून कपाटाला मिठी मारली.

"उचला, काका! अजून थोडं!"

दातओठ खात काकांनी कपाट बोटभर उचललं. प्रोफेसरने वही ओढली, ताईने विटा सरकवल्या.

"अरे! माझी वही!"

"ती तर वाहून गेली ना, काका?" प्रोफेसरने शांतपणे विचारलं.

गलका ऐकून एक्स्चेंजचे आत्ताचे मोठे साहेब आले. त्यांनी स्वतः पानं उलटली. प्रत्येक नोंदीपुढे पणजीची सही होती.

'१२.०५. साहेब घरी गेले. मी एकटी.'

'३.००. गिरणीला कळवलं.'

'३.२०. शाळेला कळवलं. मुलांना टेकडीवर न्या.'

'४.१०. पाणी खुर्चीला लागलं. लाइन बंद. वही माळ्यावर ठेवते.'

"म्हणजे पळाला तो साहेब, आणि खापर फोडलं हिच्या माथी!" मोठे साहेब पुटपुटले. काका विटांकडे बघत राहिले.

दुपारी मोठे साहेब वही घेऊन स्वतः घरी आले. "ही बडतर्फी चुकीची होती असं आम्ही लेखी देऊ. या पानाची प्रत दर्शनी भिंतीवर लागेल," ते म्हणाले. "काय चिकाटीची मुलं आहेत हो तुमची!"

आजोबांचं बोट तीन-वीसच्या ओळीवर थांबलं होतं.

"मी त्याच शाळेत होतो. पहिलीत," ते म्हणाले. "बाईंनी आम्हाला टेकडीवर पळवलं. फोन कुणाचा होता, ते कधी कळलंच नाही."

"पणजीने सांगितलं नाही?" चिंगीने विचारलं.

"मीच विचारलं नाही. लोक नाही नाही ते बोलायचे, मला लाज वाटायची." आजोबांनी वही मिटली आणि तिघांना जवळ ओढलं. "शाबास रे पोरांनो! आयुष्यभरात मला जमलं नाही, ते तुम्ही एका सकाळी केलंत."