मोटार पणदऱ्यावरनं गेली

शकू बैलगाडी घेऊन बारामती स्टेशनात पोचली, तेव्हा दौंडची छोटी गाडी निघून गेली होती. लांबवर धुराची एक रेघ तेवढी उरली होती... वाऱ्यानं तीही पुसून टाकली.

बैलगाडीत पेरूच्या करंड्या काठोकाठ. कासरा हातातच धरून ती रुळांकडे बघत राहिली.

"गाडी गेली," मागून कुणीतरी म्हणालं.

"दिसतंय की मला."

"न्हाय, म्हणलं... टक लावून बघताय. बघून परत येती का काय!"

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, अंगात धुऊन धुऊन विरलेला सदरा. हसत नव्हता, पण डोळ्यांना हसू लपवता येत नव्हतं.

"तुमचं काय काम हितं?" तिनं विचारलं.

"माल कसा जातो ते बघतोय."

"जात न्हाय. बघितलंसा न्हवं?"

आता मात्र तो हसला. कुणी न सांगता त्यानं एक करंडी खांद्यावर घेतली. "गोदामात ठिवू. उद्या मी सोत्ता चढवतो."

तो सोपान. मूळ सुप्याचा; तिथली कोरडवाहू जमीन पिकेना आणि आई गेल्यावर घरही उरलं नाही, म्हणून बारामतीला आलेला. कालव्याकाठच्या बागाईतदारांनी नुकताच एक संघ काढला होता. सगळ्यांचा माल पुण्याच्या मंडईत कसा पोचवायचा, रेल्वेनंच की संघाची मालमोटार घेऊन, आणि मोटार घेतली तर कुठल्या वाटेनं, हे ठरवून देण्याचं काम संघाच्या आबासाहेबांनी त्याच्यावर टाकलं होतं. दिवसभर रस्त्यावर असायचा, आणि झोपायचा संघाच्या गोदामात... पोत्यांच्या सोबतीला.

शकूचं घर पिंपळीला, कालव्याच्या अंगाला. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला. माहेरी भावानं 'ये' म्हटलं नाही, आणि सासऱ्यानं, गेणबानं, 'जा' म्हटलं नाही. ती राहिली. गेणबाचा गुडघा धरल्यापासून गाडीही तीच हाकायची. सासरा-सून एकाच चुलीवरचं खात, एकाच बागेत राबत. पण सबंध दिवसात बोलणं काय? बैलांना पाणी दावलं का, आणि भाकरी वाढू का. बस्स.

पुढच्या खेपेला सोपान स्टेशनात तिची वाटच बघत होता.

"तुमच्या करंड्यांसंगं दौंडला जाऊन आलो."

"पेरूंची पाठराखण?" ती म्हणाली.

"व्हय. तितं छोट्या गाडीतनं माल उतरवत्यात आन् मोठ्या गाडीत भरत्यात. मधी सगळा माल उन्हात पडून. तुमच्या करंड्या मी वळखल्या."

"कशा काय?"

"सगळी केळीचं पान घालत्यात. तुमी लिंबाचा पाला घालता." तो जरा थांबला. "सावलीत वढून ठिवल्या."

शकू बैलाच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिली. घरी जाताना कालव्याच्या पाण्यावर संध्याकाळ लांबच लांब पसरली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि ती मनातल्या मनात तेच ऐकत होती – सावलीत वढून ठिवल्या. आपलं काही कुणी सावलीत ओढून ठेवल्याला किती काळ लोटला होता!

दौंडला माल असा पडून राहतो म्हटल्यावर संघानं मालमोटार घ्यायचं ठरवलं. आधी भाड्याची मोटार आणून चाचणी सुरू झाली. मोटार पिंपळीपासून निघायची, बारामती, पणदरे करत नीरेवरून पुण्याला. रोज संध्याकाळी कालव्याच्या पुलाजवळ हॉर्न वाजायचा, आणि शकूच्या हातातला पेरू हमखास खाली पडायचा.

"आज पदर हिरवा," सोपान करंडी उचलताना हळूच म्हणायचा.

"मालाकडं बघा."

"मालाकडंच तर..." तो जीभ चावायचा. "म्हंजी, पेरू लई चांगलं हायती."

ती पदराआड हसायची. मोटार गेली की धूळ खाली बसेपर्यंत पुलावर उभी राहायची. धूळ बसली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. उलट आता जास्तच मुकं.

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी सोपान मोटारीविनाच आला, सायकलवर. पुलाच्या कठड्याला सायकल लावली आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

"उद्या संघाची बैठक हाय," तो म्हणाला. "वाट कंची ते सांगायचंय."

"कंची सांगणार?"

"हितं येऊन जाण्यात लई येळ जातोय. पुण्यात लिलाव निम्मा झाल्यावर आमी पोचतो. पिंपळीचा माल मोजका, पणदऱ्याचा ढीगभर. परवा तितल्या द्वारकाबाईची वांगी कुणी हातात घेईना. मंडईच्या दारातच टाकून आली बिचारी."

"मग?"

"मोटार हितं न येता बारामतीतनंच निघून पणदऱ्यावरनं न्यायाची. पिंपळीनं माल बैलगाडीनं बारामतीला आणायचा."

शकूनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आबासाहेब माझं ऐकत्यात," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पिंपळी म्हणलो, तर पिंपळीच हुईल..."

तिनं पाण्याकडे पाहिलं. एक होकार, की रोज तो हॉर्न, रोज ते डोळे! पण डोळ्यांपुढे न पाहिलेली ती बाई आली – रिकामी पाटी घेऊन पणदऱ्याला परतणारी.

"पणदऱ्यावरनंच न्या," शकू म्हणाली. "पर मला कशाला इचारलंसा?"

"इचारायचं निराळंच हुतं." तो तिच्याकडं वळला. "शकू... उद्यापासनं हिकडं यायला माझ्याकडं काय निमित्तच ऱ्हात न्हाय. आन् तू दिसल्याबिगर माझा दिस मावळत न्हाय."

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. ती नकळत एक पाऊल पुढं आली. पण बागेतून गेणबाच्या खोकल्याचा आवाज आला, आणि ती मागं सरली.

"मामांस्नी माझ्याबिगर कोण हाय?" एवढंच म्हणाली.

सोपाननं मान हलवली. रागावला नाही. सायकल घेऊन चालतच गेला. बराच लांब जाईपर्यंत वर बसला नाही.

मोटार पणदऱ्यावरनं सुरू झाली. शकू बारामतीला जाऊन माल देई, पण तिथं सोपान नसे. इंदापूरकडच्या गावांची वाट ठरवायला संघानं त्याला तिकडंच धाडलं होतं. थंडी सरली, पेरूचा हंगाम आटपत आला. संध्याकाळी हातात काम नसलं तरी शकू पुलावर जाऊन बसे. गेणबा दारातून बघायचा.

एक दिवस सकाळीच गेणबानं डोक्याला धुतलेला पटका बांधला. "इंदापूरला जाऊन येतो," म्हणाला.

"आसला गुडघा घेऊन? कशाला?"

"यष्टीनं जातोय, चालत न्हाय," एवढंच उत्तर.

शकूला दिवसभर काही सुचलं नाही. दिवस कलल्यावर ती गवताचा भारा घेऊन बागेतून आली, तर ओसरीवर दोघंजण बसलेले. एक गेणबा. आणि दुसरा... तिच्या डोक्यावरचा भारा तसाच खाली सरकला.

सोपान उठून उभा राहिला. गेणबा मात्र बसूनच, गुडघा चोळत बोलला. "मागणं घालून आलो ह्याला. आपल्यात पाट लागतो, बाईचं दुसरं लगीन हुतं, कुणाची चोरी न्हाय. म्हणलं, माझ्या लेकीला बघायला चल."

लेकीला! इतक्या वर्षांत हा शब्द त्या घरात कधी उमटला नव्हता.

"आन् तुमी?" शकूनं विचारलं. "मामा, तुमी एकटं...?"

"माझी भन येईल, ठमाबाई. तिचंबी तिकडं कोण हाय? तू इंदापूरला जा. सणासुदीला या दोघं." म्हातारा भिंतीला धरून उठला. "बैलांस्नी पानी दावायचंय..."

लंगडत तो गोठ्यात गेला. शकूनं सोपानकडं पाहिलं. किती दिवसांनी दिसत होता, आणि किती बोलायचं साठलं होतं!

"तू जा," सोपानच म्हणाला. "मी हाय हितंच."

गोठ्यात अंधारून आलं होतं. गेणबा पाणी दावत नव्हता. बैलाच्या मानेवर कपाळ टेकून उभा होता. शकू बैलाच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिली. तिला रडू आलं, तसं तिनं ते येऊ दिलं. बैल तेवढा शांतपणे रवंथ करत राहिला.

जरा वेळानं दारातून सोपानचा आवाज आला.

"बादली कुठं ठिवली हाय?"